हिराकुशी देन्चू आणि 'कागामीजिशी'ची २२ वर्षं

काष्ठरेखा

टोकियोच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या दर्शनी दालनात वर्षानुवर्षं एक रंगवलेला लाकडी पुतळा उभा असायचा. उंची सुमारे २ मीटर. डोक्यावरून पाठीमागे लांबच लांब पांढरी आयाळ, अंगावर भरजरी पोशाख, आणि सगळं शरीर असं ताणलेलं की आता पाय आपटणार. हा 'कागामीजिशी', शब्दशः आरसा-सिंह. शिल्पकार हिराकुशी देन्चू. काम सुरू झालं १९३६ मध्ये आणि संपलं १९५८ मध्ये. मधे महायुद्ध होऊन गेलं. काबुकी या जपानी पारंपरिक नाट्यप्रकारातल्या ज्या नटावरून पुतळा घडत होता तो ओनोए किकुगोरो सहावा १९४९ मध्ये वारला. तरी देन्चूने काम सोडलं नाही.

देन्चूबद्दल मराठीत सलग वाचायला मिळावं म्हणून हा धागा काढतेय. लाकूड, साचे, रंग यातलं ज्यांना कळतं त्यांनी नक्की लिहा, कारण या माणसाचं मोठेपण कामाच्या पद्धतीत शिरल्याशिवाय समजत नाही.

आधी आयुष्य थोडक्यात. जन्म १८७२, आजच्या ओकायामा प्रांतातल्या इबारा गावच्या परिसरात, तानाका घराण्यात. दहाव्या वर्षी हिराकुशी घराण्यात दत्तक गेला. 'तानाका' हे आडनाव ज्या दोन अक्षरांनी लिहितात ती चिनी वळणाने वाचली की 'देन्चू' होतं. म्हणजे दत्तक घरचं आडनाव आणि जन्माचं आडनाव शेजारी शेजारी ठेवून त्याने कलावंत म्हणून नाव घेतलं.

१८९३ मध्ये ओसाकाला नाकातानी शोको या बाहुल्या घडवणाऱ्या कारागिराकडे शिकायला राहिला. तेव्हा वय २१, म्हणजे उमेदवारीला तसा उशीरच. १८९७ मध्ये टोकियोला येऊन ताकामुरा कोऊनकडे गेला. उएनोच्या बागेतला कुत्रा घेऊन उभा असलेला साइगो ताकामोरीचा पुतळा ज्याच्या देखरेखीखाली घडला, तोच हा कोऊन. तो मूळचा बुद्धमूर्ती घडवणाऱ्यांच्या परंपरेतला. १८६८ नंतर सरकारने शिंतो आणि बौद्ध धर्म वेगळे काढले, ठिकठिकाणी मठांची मोडतोड झाली आणि मूर्तिकारांच्या हातचं काम गेलं. बरेच जण परदेशी गिऱ्हाइकांसाठी हस्तिदंत कोरायला लागले. कोऊन लाकडाला धरून राहिला.

दुसरीकडे १८७६ मध्ये सरकारी कलाशाळेत विन्चेंत्सो रागुसा हा इटालियन शिल्पकार शिकवायला आला आणि त्याच्याबरोबर माती, प्लॅस्टर, साचा हे सगळं आलं. लाकडात वजा करत जायचं, मातीत भर घालत जायचं. देन्चूच्या पिढीला दोन्ही एका हातात आणायचं होतं.

त्याला खरं वळण लावलं ओकाकुरा तेन्शिन या कलाविचारवंताने. १९०७ मध्ये ओकाकुराच्या पाठबळावर लाकूडकाम करणाऱ्या शिल्पकारांची एक संघटना उभी राहिली. काम विकलं जात नाही अशी तक्रार शिल्पकारांनी केली, तेव्हा ओकाकुराने सांगितलं, की तुम्ही विकण्यासारखं करता म्हणून ते विकलं जात नाही, न विकलं जाणारं करा. देन्चू हे म्हातारपणीही सांगायचा.

१९०८ च्या पहिल्या प्रदर्शनात त्याने 'कात्सुजिन्सेन' मांडलं, म्हणजे माणसाला जिवंत करणारा बाण. विषय झेन कथेतला: आलेल्या प्रत्येकावर धनुष्य रोखणारा भिक्षू, आणि छाती उघडी करून 'हा मारणारा बाण, जिवंत करणारा कुठे आहे?' असं विचारणारा दुसरा. देन्चूने आधी भिक्षूच्या हातात धनुष्यबाण दिला होता. ओकाकुराचं म्हणणं पडलं की धनुष्यबाण नकोच, ताण अंगात दिसला पाहिजे. देन्चूने दोन्ही काढून टाकले. आता डावा हात पुढे, उजवा ओढलेला, आणि हातांत काहीच नाही. छायाचित्र मिळालं तर खांदे आणि मान बघा. दोरी किती ओढली आहे ते तिथे कळतं.

गिरमीट

फार चांगला विषय. पद्धतीबद्दल विचारलंत म्हणून 'होशितोरी'वर लिहितो. होशि म्हणजे तारा, तोरी म्हणजे घेणं. बिंदू उचलण्याची ही पद्धत मेइजी काळात (१८६८-१९१२) युरोपातून आली. लाकूडकामात ती रुजवण्यात कोऊनचाच शिष्य योनेहारा उन्काई याचा मोठा वाटा आहे. देवीची लस शोधणाऱ्या जेन्नरच्या पुतळ्यासाठी त्याने ती वापरली.

क्रम साधारण असा:

आधी मातीत मूळ आकृती. तिच्यावरून प्लॅस्टरचा साचा, साच्यातून प्लॅस्टरची प्रत. या प्रतीवर तीन पक्के आधारबिंदू ठरवायचे: एक माथ्यावर, दोन खाली बैठकीच्या दोन बाजूंना. लाकडाच्या ओंडक्यावर तेच तीन बिंदू तितक्याच अंतरांवर घ्यायचे. मग प्लॅस्टरवर नाकाचं टोक, भुवई, हनुवटी, खांदा, गुडघा असे उंचवटे निवडून तिथे खिळे किंवा टाचण्या ठोकायच्या. हे 'तारे'. प्रत्येक ताऱ्याचं तिन्ही आधारबिंदूंपासूनचं अंतर तीन कंपासांत पकडायचं. लाकडावर तिन्ही कंपासांची टोकं जिथे एकत्र येतील तिथे तो बिंदू. सुरुवातीला ती जागा लाकडाच्या पोटात असते, म्हणून गिरमिटाने तेवढ्या खोलीचं भोक पाडायचं आणि भोकाचा तळ लागेपर्यंत तासत जायचं.

दुसरा प्रकार चौकटीचा. तीन बिंदूंवर टांगायची फुलीसारखी चौकट, तिच्यावर सरकणारी सुई. सुई प्लॅस्टरला टेकवून अडणी (सुई किती आत गेली ते धरून ठेवणारा अडसर) आवळायची, चौकट उचलून लाकडावर टांगायची, अडणी लागेपर्यंत भोक. हिच्याने त्याच मापाची प्रतच निघते. माप वाढवायचं असेल तर खिळ सरकवता येणारा प्रमाण-कंपास लागतो.

चुका कुठे होतात: आधारबिंदूचा खिळा केसभर हलला तर पुढचं सगळं माप त्याच दिशेला वाहत जातं, आणि ते लवकर लक्षात येत नाही, कारण जवळजवळचे बिंदू एकमेकांशी जुळतच राहतात. म्हणून दर काही बिंदूंनंतर लांबचा एखादा बिंदू पुन्हा तपासायचा. भोक पूर्ण मापाचं पाडलं तर तयार चेहऱ्यावर खड्डा राहतो, म्हणून २-३ मिलिमीटर अलीकडे थांबायचं आणि शेवटचा पापुद्रा पटाशीने काढायचा. आणि नेहमी उंच बिंदू आधी, खोलगट नंतर.

उत्तरमेघ

पद्धत समजली, पण मग मनात येतं की हे यांत्रिक झालं ना? अंतरं मोजून लाकडात उतरवायची असतील तर देन्चूचं काय राहिलं? कोऊनच्या पिढीतले लोक ओंडक्यावर थेट आखणी करून कोरायचे. मला ती कला जास्त खरी वाटते.

गिरमीट

हा आक्षेप नवा नाही आणि गंभीर आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. बिंदूंच्या मधलं काहीच मोजलेलं नसतं. गालावर समजा चार तारे आहेत, तर त्या चारांमधून पृष्ठभाग कसा वळवायचा हे पटाशी ठरवते. तिथे लाकडाची रग, म्हणजे तंतूंची दिशा, आणि हाताची सवय दोन्ही दिसतात. दुसरं, मोजमाप ओंडका तासायला उपयोगी पडतं, आकृती सुचवायला नाही. आकृती आधी मातीत उभी राहावी लागते, आणि ती चुकलेली असेल तर तारे ती चूक इमानदारीने लाकडात नेतात.

काष्ठरेखा

उत्तरमेघ, देन्चूलाही नेमकी हीच अडचण जाणवली असावी असं मला वाटतं, कारण त्याने पुढे जे केलं ते त्या दिशेचं आहे. १९१४ मध्ये निहोन बिजुत्सुइन ही कलासंस्था पुन्हा उभी राहिली, त्यात तो होता. चाळिशी उलटलेला, नाव झालेला हा माणूस त्यानंतर जिवंत मॉडेल समोर ठेवून मातीत नग्न आकृत्यांचा अभ्यास करायला बसला. बाहुल्या आणि मूर्तींच्या शिक्षणात कपड्याच्या चुण्या फार सुंदर शिकवतात, पण चुणीखाली मांडी कुठे आहे ते शिकवत नाहीत. ती उणीव त्याने भरून काढली.

१९२० चं 'तेन्शो', म्हणजे पुनर्जन्म, हे त्याचं फळ. माणसापेक्षा उंच राक्षस, गिळलेला माणूस तोंडातून ओकून टाकतोय. कथा त्याच्या गावाकडची: धड ना गरम धड ना थंड असा कोमट माणूस राक्षसाने खाल्ला, चव इतकी वाईट लागली की उलटी झाली. विषय किळसवाणा आहे, पण राक्षसाच्या पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू बघा. ओकारीचा उमाळा बेंबीपासून वर चढताना दिसतो. हे तारे मोजून येत नाही. शरीर माहीत असावं लागतं.

नाट्यवेडी

'कागामीजिशी' कळायला ते नृत्य माहीत असलेलं बरं. पहिला प्रयोग १८९३ मध्ये, इचिकावा दान्जूरो नववा याचा. पूर्वार्धात शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, वाड्यातली यायोई नावाची तरुण दासी नाचते. ती सिंहाचा मुखवटा हातात घेते आणि मुखवट्यातला सिंह तिच्यावर स्वार होतो. उत्तरार्धात तोच नट पांढरी आयाळ लावून सिंह होऊन येतो. म्हणजे पुरुष नट, आधी मुलगी, मग सिंह, आणि सिंहाच्या आत ती मुलगी अजून आहे. किकुगोरो सहावा या भूमिकेसाठी फार गाजलेला. अंगाने तो उंच नव्हता, बसका होता, पण रंगमंचावर मोठा दिसायचा.

देन्चू काबुकिझा नाट्यगृहात २५ दिवस रोज प्रयोग बघायला गेला, जागा बदलत बदलत. चित्रकाराला एक बाजू पुरते. शिल्पकाराला त्याच क्षणाची पाठ, दोन्ही कुशी आणि खालून दिसणारी हनुवटीही लागते, आणि प्रयोगात तो क्षण एका दमात निघून जातो.

काष्ठरेखा

आणि एवढं बघूनही त्याचं समाधान झालं नाही. तो पोशाख जाड, थरांवर थर. आत वजन कुठल्या पायावर आहे, कंबर किती खचली आहे, बाहेरून कळत नाही. म्हणून किकुगोरोला लंगोटीवर त्याच आविर्भावात उभं केलं आणि आधी ती उघडी आकृती घडवली. ही नग्न अभ्यासमूर्ती आजही बघायला मिळते. तिच्यात मांड्या, पोटऱ्या, पोट सगळं बसक्या, दणकट माणसाचं आहे. मग त्या शरीरावर पोशाख चढवला. मोठ्या पुतळ्यात अंग झाकलेलं आहे, पण पाठीचा कणा कुठून जातो ते आपल्याला बरोबर कळतं.

माझं तर स्पष्ट मत आहे: धनुष्य काढून टाकणं आणि पोशाखाखालचं अंग आधी घडवणं हा एकच विचार आहे. १९०८ मध्ये ओकाकुराने जे सांगितलं त्याच्यावर देन्चू ५० वर्षं काम करत होता.

शिसवी

लाकडाबद्दल थोडं. २ मीटरचा पुतळा एका ओंडक्यात का करत नाहीत हे बऱ्याच जणांना कळत नाही.

ओलं लाकूड सुमारे ३० टक्के ओलाव्याच्या खाली उतरलं की आकसायला लागतं. वर्षवलयांच्या दिशेने ते जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीकडे आकसतं. या दोहोंचा मेळ बसत नाही, म्हणून अखंड ओंडक्याला गाभ्यापर्यंत पाचरीसारखी भेग पडतेच. ती कुठे पडेल ते आपल्या हातात नसतं, चेहऱ्यातूनही जाऊ शकते.

यावर जपानी मूर्तिकारांचे जुने उपाय तीन. गाभा असलेला भाग टाळून लाकूड घ्यायचं. मूर्ती आतून पोखरायची, म्हणजे भिंत पातळ होते, आतून बाहेरून सारखी सुकते आणि ताण उरत नाही. किंवा पाठीमागे मुद्दाम उभी चीर द्यायची, म्हणजे लाकूड उघडायचं तिथेच उघडतं. मोठ्या कामाला ठोकळे जोडतात, त्याला योसेगी म्हणतात. जोडताना सगळ्या ठोकळ्यांची रग एका दिशेला आणि सुकेपणा सारखा हवा. एक ठोकळा जरी जास्त ओला असला तरी दोन-तीन वर्षांत सांधा पायरीसारखा हाताला लागतो, आणि वर रंग असेल तर बरोब्बर त्या रेषेवर फुटतो.

देन्चूच्या पिढीत कापराचं लाकूडही खूप वापरायचे. ते मोठ्या मापात मिळतं, कीड लागत नाही, पण रग आलटून पालटून वळते. एका पट्ट्यात पटाशी लोण्यासारखी जाते आणि शेजारच्याच पट्ट्यात तंतू उपटून येतात. तिथे धार ताजी करून आडवं, पातळ कापायचं, जोर लावायचा नाही.

होशितोरीशीही याचा संबंध आहे. काम वर्षानुवर्षं चाललं आणि लाकूड मधे आकसलं, तर लाकडावरचे आधारबिंदूच जागचे हलतात. लांबलेल्या कामात जुनी मापं आंधळेपणाने वापरता येत नाहीत, आधारबिंदूंमधली अंतरं प्लॅस्टरशी पुन्हा ताडून बघावी लागतात.

उत्तरमेघ

शिसवी, गिरमीट, धन्यवाद. माझा आक्षेप थोडा मागे घेतो. पण रंगाचं काय? इतकं कोरीव काम करून त्यावर रंग चढवायचा म्हणजे लाकूड झाकूनच टाकायचं. तिथे पुन्हा बाहुलीकडे जाणं होत नाही का?

रंगपेटी

बाहुलीकडे जाणं होतंच, आणि देन्चूला त्याची लाज नव्हती. त्याचं पहिलं शिक्षणच ते. नव्या शिल्पकारांत रंगवलेलं लाकूड कमी प्रतीचं समजलं जायचं, तरी तो रंग वापरत राहिला. मात्र एक नोंद हवी: रंगकाम बऱ्याचदा हिरानो फुझान करायचा, 'कागामीजिशी'चंही त्याचंच. तो स्वतः शिल्पकार होता, त्यामुळे कुठली धार रंगाखाली बुजू द्यायची नाही हे त्याला कळायचं. श्रेय देताना त्याचं नाव गाळू नये.

या कामाची रीत सांगते. पांढरा थर 'गोफुन'चा, म्हणजे कालवांच्या शिंपल्यांची भुकटी. शिंपले वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवून मग दळतात. बांधणीला सरस. सरस रात्रभर पाण्यात भिजवायचा, दुसऱ्या दिवशी मंद आचेवर विरघळवायचा, उकळू द्यायचा नाही, उकळला की चिकटपणा जातो. भुकटीत तो थोडा थोडा घालत कणकेसारखं मळायचं, गोळा करून ताटलीवर आपटत राहायचं, शंभर वेळा आपटतात अशी म्हण आहे. आपटल्याने हवा निघते आणि सरस कणाकणाला लागतो. मग पाण्याने सैल करून पातळ थर, एक पूर्ण वाळल्यावर दुसरा.

सगळ्यात जास्त काम बिघडतं ते सरसाच्या प्रमाणाने. खालचा थर जोरकस, वरचे क्रमाने सौम्य, हा नियम. उलटं झालं तर वरचा थर वाळताना खालच्याला ओढतो आणि पापुद्रे सुटतात. सरस कमी पडला तर बोटाला पांढरं लागतं. पावसाळी हवेत सरस दोन दिवसांत कुजतो, वास बदलला की टाकून द्यायचा. आणि थर जाड झाला तर कोरलेली पापणी गोल होते. म्हणून अशा कामात कोरताना कडा हव्या त्यापेक्षा किंचित तीक्ष्ण ठेवतात, रंग चढल्यावर त्या बरोबर मापात येतात.

नाट्यवेडी

शेवटचा मुद्दा फार मोलाचा. रंगभूषेतही तसंच असतं, काबुकीत चेहऱ्यावरच्या रेषा हाडाच्या उंचवट्यापाशी ओढतात.

एक विचारायचं होतं, हा पुतळा आता कुठे बघायचा? आणि देन्चू १०७ वर्षं जगला हे खरं का?

पाऊलवाट

खरं आहे. जन्म १८७२, मृत्यू ३० डिसेंबर १९७९. १९६२ मध्ये त्याला ऑर्डर ऑफ कल्चर हा सन्मान मिळाला. शंभरीला आल्यावर त्याने पुढची ३० वर्षं पुरेल एवढं लाकूड विकत घेतलं. शिसवींनी वर जे लिहिलंय ते वाचलं की यातलं व्यवहारज्ञान कळतं, इतके मोठे ओंडके सुकायलाच वर्षानुवर्षं लागतात.

पुतळ्याची मालकी टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची, राष्ट्रीय नाट्यगृहात तो उसना ठेवलेला होता. ते नाट्यगृह ऑक्टोबर २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं, तेव्हा जाण्याआधी चौकशी करूनच निघा.

बाकी तीन जागा. उएनो-साकुरागीमधला जुना स्टुडिओ १९१९ चा, योकोयामा ताइकान, शिमोमुरा कान्झान आणि किमुरा बुझान या चित्रकार मित्रांच्या मदतीने बांधलेला. छताचा उजेड उत्तरेचा, म्हणजे दिवसभर सावल्या फारशा हलत नाहीत. तो ठरावीक दिवशीच उघडतात. टोकियोतल्याच कोदाइराला त्याचं शेवटचं राहतं घर, तिथे तो ९८ व्या वर्षी राहायला गेला. आता ते नगरपालिकेचं संग्रहालय आहे. आणि इबारा, जन्मगावी, तिथे १९६९ पासून संग्रहालय आहे.

आपल्याकडचा धागा जोडायचा तर ओकाकुरा १९०१-०२ मध्ये भारतात होता आणि अजिंठ्यालाही जाऊन गेला. पुढे बिजुत्सुइनचाच चित्रकार आराई काम्पो याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. ज्या वर्तुळात देन्चू वाढला, तिथे अजिंठा डोळ्यांनी बघितलेली माणसं होती.

उत्तरमेघ

पुढच्या वर्षी टोकियोला जाणं होणार आहे. एकच दिवस असेल तर कुठे जाऊ?

काष्ठरेखा

कोदाइराला जा. बागेत त्याने घेऊन ठेवलेला कापराचा प्रचंड ओंडका अजून तसाच, न कोरलेला आहे. आत 'कागामीजिशी'ची लहान प्रत किंवा अभ्यासमूर्ती मांडलेली असेल तर समोरून बघून पुढे जाऊ नका, मागे जाऊन आयाळीखालची कंबर बघा. प्लॅस्टरच्या मूळ आकृत्या मांडलेल्या असतील तर सरळ वाकून जवळून बघा. ताऱ्यांच्या खुणा चेहऱ्यावर आणि हातांवर दाट असतात, कपड्यांवर विरळ.

गिरमीट

आणि त्या खुणा सापडल्या तर कपाळ ते हनुवटी किती आहेत तेवढ्या मोजून इथे लिहा.